दुसरा चित्रकार द्यावा

रत्नागिरी,
२ नोव्हेंबर १९३५

प्रिय सुनेत्रा,

हेदवीला तुम्ही सगळी बरी असाल. इथं कारखाना बंद आहे, कामाच्या बायका भातकापणीला गेल्यात. निवांत आहे म्हणून लिहितो, असं म्हणणार होतो. पण ते खरं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमरसाच्या डब्यांची जाहिरात करायची ठरली, तेव्हा तुम्ही दोघा भावंडांनी ती किती हौसेनं अंगावर घेतली होतीत! चित्रं चारू काढणार, मजकूर तू लिहिणार, वर्तमानपत्रांना पत्रं मी घालणार. तेवढ्यात मुंबईच्या एका जाहिरात कंपनीनं विचारलं. चित्र, मजकूर, छपाई, सगळं तेच बघणार. चारूचं पहिलं लेबल तर आंबे संपल्यावर हाती आलं होतं. मी कंपनी निवडली. ते चुकलं असं आजही वाटत नाही. पण मांडवीच्या धक्क्यावर चार माणसांत मी त्याला म्हणालो, "हा धंदा आहे चारू, इथं हौशी लोकांचं काम नाही." तो हसला. "तुझा आंबा मुंबईच्या माणसाला काढता यायचा नाही, हरी," एवढंच म्हणाला, आणि पंधरा दिवसांत बोटीनं मुंबईला गेला.

सहा महिन्यांनी कंपनीकडून चित्र आलं. पाटीभर आंबे, आणि एकाच्या देठाशी चिकाचा थेंब. ज्यानं झाडावरून आंबा उतरवलाय त्यालाच तो सुचतो. चित्राखाली नाव नव्हतं. सोबत लिहिलं होतं, चित्रकार नवा आहे, अजून कायम केलेला नाही, आपलं मत कळवावं.

ते चित्र चारूचं हे तुला ठाऊक होतं का, असं तू मला दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. सुनेत्रा, पाकीट उघडताच मी ओळखलं होतं. लहानपणापासून त्याचा हात बघत आलो होतो मी. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र धक्क्यावरचं त्याचं हसू आठवलं. चित्र मी ठेवून घेतलं आणि उत्तर धाडलं, "पुढील कामास दुसरा चित्रकार द्यावा."

कंपनीनं त्याला काढलं. मग भर पावसात दुकानांच्या पाट्या रंगवत हिंडला, तापानं पडला, आणि गेल्या वर्षी श्रावणात गेला. माझं ते वाक्य त्याला कुणी दाखवलं होतं का, हे आता कुणाला विचारू?

परवा तुझ्या वडिलांचं पत्र आलं. आपल्या लग्नाला त्यांचा होकार आहे. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त काढू म्हणतात. "चारूच्या मित्राच्या घरी पोर सुखात राहील," असं लिहिलंय त्यांनी. तू हो म्हणालीस ते मला न ओळखता. आता ओळखून काय ते ठरव. नको म्हणालीस तर मोडल्याचा दोष मी माझ्यावर घेईन, तुझ्या नावाला बोल लागू देणार नाही. हे पत्र वडिलांना दाखवायचं की नाही, तेही तूच बघ.

तरीही तुझाच,
हरिहर