दोन्ही बाजूंनी रंगवलेली पाटी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लोकांच्या दारांवरच्या नावाच्या पाट्या रंगवणे, आज डोके ठिकाणावर असताना, कोणी धाक न दाखवता आणि कोणी लाडीगोडी न लावता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे अक्षर चांगले आहे. या कागदात चांगले म्हणण्यासारखे तेवढेच सापडेल, म्हणून ते आधीच सांगून टाकले.

वकीलबाईंनी कच्चा मसुदा करून दिला होता. त्यात घराच्या चतुःसीमा लिहिण्यासाठी चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, हे पान काढून टाका." त्या म्हणाल्या, "असं कसं? घर आहे ना तुमचं? दारावरची पाटी बघूनच आत आले मी." त्यांचेही काही चुकले नाही. आजवर सगळ्यांनी पाटीच बघितली.

कलम पहिले. स्थावर मिळकत.
नाही. ज्या घरात माझा संसार झाला, जिथे माझी मुलगी लहानाची मोठी झाली आणि ज्याच्या दारावर माझे नाव आहे, ते घर माझे नाही. मी पुढच्या दोन खोल्यांचा भाडेकरू आहे. घराचे मालक मागच्या खोल्यांत राहतात. माझी मुलगी ज्यांना लहानपणापासून 'मागचे काका' म्हणते आणि आपले भाडेकरू समजते, तेच ते. आयुष्यभर त्यांनी बस चालवली, लग्न केले नाही, आणि या घराचे सगळे कागद त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

कलम दुसरे. वाचण्याची वेळ.
मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे मात्र मी जिवंत असताना, येत्या रविवारी सकाळी, माझ्या मुलीसमोर वकीलबाईंनी मोठ्याने वाचावे. त्याचे कारण असे. मुलगी परगावी शाळेत गणित शिकवते. तिने आणि जावयांनी तिथे दोन खोल्यांची एक जागा ठरवली आहे, विसारही दिला आहे. उरलेली रक्कम या महिनाअखेर भरायची आहे. गेल्या खेपेला ती आली तेव्हा म्हणाली, "बाबा, मी ती जागा सोडून देते. आपलं घर आहेच की. दोन-दोन घरं कशाला? इथेच येऊन शिकवण्या घेईन." असे म्हणून तिने पर्समधून फीत काढली आणि पुढची खोली मापली. फितीचे दुसरे टोक मी धरले होते.

तिथेच बोलायला हवे होते. मी म्हणालो, "भिंतीला नीट टेकव, नाहीतर माप चुकेल."

मी मरेपर्यंत हा कागद बंद राहिला तर तिची जागाही जाईल आणि हे घरही मिळणार नाही. तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून हा वकिली खर्च.

कलम तिसरे. पाटी.
हे कसे झाले ते सांगतो. मी या खोल्यांत आलो तेव्हा नवा भाडेकरू म्हणून मालकांना त्यांच्या नावाची पाटी रंगवून दिली. निळी जमीन, पांढरी अक्षरे. त्याच सुमारास माझे लग्न ठरत होते. नवरीमुलीचा थोरला भाऊ, म्हणजे माझा होणारा मेहुणा, बांधकामाच्या सामानाचा दुकानदार. त्याने निरोप पाठवला की, माणूस कसाही असो, स्वतःचे घर असेल तरच पुढे बोलू. मी उत्तर पाठवले, घर आहे. खोटे नव्हते. घर होतेच, फक्त दुसऱ्याचे होते.

तो बघायला येणार त्या सकाळी मी मालकांच्या पाया पडायचेच काय ते बाकी ठेवले. त्यांना गंमत वाटली. "करा हो! एका दुपारीत माझं घर थोडंच पळून जातंय?" मी त्यांच्याच पाटीच्या मागच्या बाजूला माझे नाव रंगवले आणि पाटी उलटी टांगली. मेहुणा आला, पाटी वाचली, भिंतीवर बोटाने ठोकून पाहिले, चहा प्यायला आणि होकार देऊन गेला.

ती दुपार अजून संपलेली नाही. आधी मेहुणा येण्याच्या दिवशीच पाटी उलटायची. मग मुलगी अक्षरे जुळवून वाचायला लागली आणि पाटी कायमची माझ्या बाजूने राहिली. मालकांना त्यांच्याच घराच्या दारावर नाव उरले नाही.

मेहुणा आला की मालक भाडेकरूचे सोंग असे वठवायचे की मलाच घाम फुटे. चपला बाहेर काढून, दारात अंग चोरून उभे राहायचे. "मालक, नळ गळतोय. किती दिवस सांगतोय तुम्हाला?" त्यावर मेहुणा मला झापायचा, "जावईबापू, भाडं घेता ना? मग नळ नको का दुरुस्त करायला?" वास्तविक नळ मालकांनी दुरुस्त करायचा. पण चारचौघांत झापला गेल्यावर मला गप्प बसता येईना. या घराचे नळ, कौले, संडासाचे दार, सगळे माझ्या खिशातून दुरुस्त झाले आहे. मालक मागाहून पोट धरून हसायचे आणि भाड्यातून तेवढे कापायचे. मी कापू नका म्हटले तरी कापायचे. माणूस सरळ आहे.

कलम चौथे. याच पाटीविषयी आणखी.
हे कलम मी तीनदा लिहून फाडले.

मालकांची एक बहीण होती. दोघांत वडिलांच्या आजारपणावरून काही बिनसले आणि बोलणे बंद झाले. मुलगी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. एका दुपारी मेहुणा वेताच्या खुर्चीत बसून मला मजला चढवण्याचे फायदे समजावत होता. मालक कामावर होते. दार वाजले. दारात एक बाई, हातात कापडी पिशवी, प्रवासाने दमलेली. पाटी पुन्हा पुन्हा वाचत होती. तिने मालकांचे नाव घेऊन विचारले, "ते इथंच राहतात ना? घर त्यांचंच ना हे?"

मागून मेहुण्याने विचारले, "कोण आहे हो?"

मी म्हणालो, "नाही बाई. घर माझं आहे."

ती म्हणाली, "विकलं होय त्यानं? आणि कळवलंही नाही." ती वळली. कोपऱ्यावर पोस्टमनला तिने काहीतरी विचारले, त्याने हात करून आमचेच दार दाखवले, पण तिने मान हलवली आणि बसथांब्याकडे गेली. मेहुण्याला मी सांगितले, कोणीतरी पत्ता चुकलेली बाई होती.

मेहुणा गेल्यावर मी मालकांना गाठले. ते गणवेशातच थांब्यावर धावले. बस गेली होती. पुढे त्यांनी पत्र टाकले, त्याचे उत्तर आले नाही. वर्ष सरायच्या आत भाच्याने कळवले की आई गेली. मालक मला म्हणाले, "भांडायलाच आली असेल. दुसरं काय?" त्यानंतर काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटले, आता खोल्या सोडा म्हणतील. म्हणाले असते तर बरे झाले असते.

पुढच्या खेपेला मेहुणा आला. मी शरमेने अर्धा झालो होतो. पाटी काढून टाकायचे मनात होते, पण मनातच राहिले. तेवढ्यात मालक दारात आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "मालक, नळ गळतोय." त्या दिवशी नळ गळत नव्हता. आजही तो आवाज आठवला की मला मान वर करवत नाही.

कलम पाचवे. माझी बायको.
तिला मी काही ठेवू शकत नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. लग्नानंतर मी मालकांच्या हातात भाडे देताना तिने पाहिले आणि तिला सगळे उमगले. आदळआपट केली नाही. म्हणाली, "दादाला मी सांगणार नाही. पण तो आला की मी बाहेरही येणार नाही." आणि खरेच, भाऊ आला की ती घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची.

मग मी ठरवले की खोटे खरे करून टाकायचे. घर घ्यायचे, म्हणजे झाकले जाईल. त्यासाठी पोटाला चिमटे काढले, आणि जास्त करून तिच्या. बाळंतपणानंतर तिचे पुढचे दोन दात गेले. डॉक्टर म्हणाले, बसवून घ्या. मी म्हणालो, "आधी घराचं होऊ दे." ती म्हणाली, "घर काय चावून खायचंय?" आणि तोंडावर हात ठेवून हसली. तेव्हापासून ती हात ठेवूनच हसायची. आम्ही साठवत गेलो तशी घरे महाग होत गेली. रक्कम जमत आली की भाव पुढे सरकलेला असायचा, आणि मी पुन्हा तिला थांब म्हणायचो. शेवटी परवडत होते तेव्हा मीच विचारले, बसवूया का दात? ती म्हणाली, "आता कोणाला दाखवायचेत?"

मला तिची क्षमा मागायची आहे आणि ती इथे नाही.

कलम सहावे. बँकेतली ठेव.
जे घर कधी झाले नाही, त्याचे पैसे ठेवीत आहेत. ते सर्व मुलीचे, आणि मी गेल्यावर नव्हे, सोमवारी बँक उघडताच. महिनाअखेरची रक्कम त्यातून भागेल. तिला जागा घ्यायची असेल तर घ्यावी, भाड्याने राहायचे असेल तर राहावे, आणि भाड्याने राहते हे कोणीही विचारले तरी सांगावे. एक अट आहे. तिच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली आहे. मी विचारले तर म्हणाली, "घराचं होऊ दे, मग बघू." हे वाक्य तिने कुठून उचलले ते मला ठाऊक आहे. सगळ्यात आधी नवा चष्मा करावा. हिशोबाची पावती मला दाखवू नये, चष्मा दाखवावा.

कलम सातवे. मेहुणा.
मेहुण्याने एकदा मजला चढवण्यासाठी सिमेंटच्या गोण्या भेट म्हणून टेम्पोने पाठवल्या. मी आज करतो, उद्या करतो म्हणत त्या आवारात ठेवल्या आणि पावसाने त्यांचे दगड झाले. मालक त्यावर बसून दाढी करतात. "तुमच्यापायी माझ्या घरावर फुकटचा मजला चढायचा राहिला," असे वर मलाच ऐकवतात. या आवारात माझ्या मालकीचे पक्के बांधकाम तेवढेच. त्या गोण्या मेहुण्याने परत न्याव्यात, सोबत तो येऊन बसायचा ती वेताची खुर्चीही. घराची अट त्याने घातली म्हणून मी बरीच वर्षे त्याच्या नावाने बोटे मोडली. पण खोटे बोल असे काही त्याने सांगितले नव्हते. ते माझ्याच तोंडचे.

कलम आठवे. हत्यारे.
खारीच्या केसांचे ब्रश, हाताखाली धरायची काठी आणि रेघ मारायची खडूची दोरी चौकातल्या स्टिकरवाल्याला द्यावीत. त्याने माझी गिऱ्हाइके पळवली आणि वर मला जुनाट म्हणाला. तरी दोरी त्यालाच, कारण त्याच्या ओळी डावीकडून उजवीकडे उतरतात आणि ते मला रोज येता-जाता बघावे लागते.

कलम नववे. घरमालक.
यांना माझा रेडिओ आणि लोखंडी पलंग ठेवायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही ठेवलं तर पुढे कोणी फाटे फोडतं. मालक म्हणाले, "मग मला काही नको. मी सही करतो. रेडिओ तसाही खरखरतो."

ही कलमे लिहून झाल्यावर, सह्या करण्याआधी, आम्ही दोघे दारात गेलो. पाटीच्या कड्या इतक्या वर्षांच्या रंगाने जाम झाल्या होत्या. मालकांनी पान्हा धरला, मी ठोकले. पाटी उलटली. माझी बाजू उन्हापावसाने विटून गेली होती. त्यांची बाजू भिंतीकडे तोंड करून राहिली होती, मुलगी वाचायला लागल्यापासून तिला ऊन लागलेच नव्हते. नुकतीच रंगवावीत तशी अक्षरे होती. मालकांनी अक्षरांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "त्या दुपारी तिला वाचता आलं असतं की हो हे, लांबूनसुद्धा." मी हो म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला आणि आत येऊन सहीला बसले.

रविवारी मुलगी येईल ती पाटी वाचूनच आत येईल. मी लपणार नाही, परसातही जाऊन बसणार नाही. दारात उभा राहीन आणि तिने विचारले, "बाबा, हे घर कुणाचं?" तर वकीलबाईंच्या आधी मीच सांगेन.

साक्षीदार: निवृत्त पोस्टमन. सही. (या घरची सगळी पत्रे खऱ्या नावाने टाकली आणि कधी कुठे बोलले नाहीत.)

साक्षीदार: सही. राहणार याच घरात, मागच्या खोल्या. (आपण कोण ते काय लिहू, असे त्यांनी मला विचारले. जे आहे ते लिहा, म्हणालो. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले:) घराचा मालक.

लिहून ठेवणार: सही. पाट्या रंगवणारा, भाडेकरू.

ठिकाण: मालकांच्या घराची पुढची खोली.
तारीख: शुक्रवार. मुलगी यायला मध्ये एकच दिवस.