तांदळाच्या डब्यातलं पाकीट

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसही, तरी लिहायला बसले आहे. तुला जाऊन एकतीस वर्षं झाली. हे ज्याला सांगावं असं दुसरं कुणी उरलं नाही. मी सध्या धाकट्याकडे अमेरिकेत आहे. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल म्हणून गाव आहे, तिथं. घरं मोठी, पुढं अंगण, पण अंगणात माणूस औषधालाही सापडायचा नाही. मुलगा आणि सून सकाळी स्टेशनावर मोटार लावून आगगाडीनं शिकागोला जातात, नातू पिवळ्या बसमधून शाळेत जातो, आणि दिवसभर मी काचेच्या आत आणि बर्फ काचेच्या बाहेर. परवा मात्र काचेपलीकडं एक पोलिसाची गाडी येऊन थांबली आणि पंचावन्न वर्षांपूर्वीची मी, सहा वर्षांची, परकर घातलेली, माझ्या पोटात उभी राहिली. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. म्हणून हे लिहिणं.

सोलापूरची आपली खोली आठव. दिवाळी नुकतीच झाली होती. माळ्यावर मामा लपला होता. मामा म्हणजे तुझा सख्खा भाऊ नव्हे, बाबांच्या शेजारच्या मागावर काम करणारा, लाल बावट्याचा माणूस. त्याच्या नावाचं पकडवॉरंट निघालं तेव्हा तू त्याला घरात घेतलंस, त्याचे कागद ज्वारीच्या डब्यात पुरलेस आणि भाऊबिजेला दार लोटून घेऊन, आवाज न करता ओवाळलंस. तो तुला रशियातल्या गोष्टी सांगायचा. तिकडं कामगारांचं राज्य, तिकडं कुणी कुणाला भीत नाही. तू भाकरी थापत विचारलं होतंस, "म्हणजे तिकडं पोलीस नसतात की काय?" तर तो हसून म्हणाला, "असतात की ताई. पण तिकडं पोलीसही आपलेच!" चार दिवसांनी पहाटे आपले नसलेले पोलीस आले आणि सरळ माळ्याकडंच गेले. कुणालाही न विचारता. मामा दोन वर्षांनी सुटला, पण आपल्या उंबऱ्याला परत पाय लावला नाही. तुझ्या घरातूनच बातमी फुटली असं त्याच्या मनानं घेतलं. दर भाऊबिजेला तू ताट करायचीस आणि संध्याकाळी गाईला घालायचीस. आणि त्या दिवसापासून पलीकडच्या खोलीतल्या आक्काशी तू बोलणं टाकलंस. नळावरची तुझी घागर भरून देणारी बाई ती. ती मेली तेव्हाही तू दार लावून आत बसलीस. मला तू एकच शिकवण दिलीस, तीही कान पिळून: "दारात कुणी आलं, काही विचारलं, तर माहीत नाही म्हणायचं. देवानं विचारलं तरी माहीत नाही!"

आता इथली गोष्ट ऐक. शेजारच्या घरात एक म्हातारी आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. चेकोस्लोव्हाकियातली. त्या देशाचे आता दोन तुकडे झालेत, पण ती अजून जुनंच नाव घेते. लेकीकडं राहते. तिचा नातू तिला बाबी म्हणतो, म्हणून मीही बाबीच म्हणते. लायब्ररीत इंग्रजी शिकवतात, तिथं आमची ओळख झाली. आमचं इंग्रजी म्हणजे दोन लंगड्यांनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालावं तसं. ती कोबी आंबवते, मी लिंबाचं लोणचं घालते, आणि वाट्यांची देवाणघेवाण चालते. तिच्या भाषेतला एक शब्द तिनं मला शिकवला, पोलेव्का. म्हणजे सूप. कारण जन्मभर तिनं तेच केलं, एका कारखान्याच्या भटारखान्यात चारशे माणसांचं सूप.

पंधरा वर्षांपूर्वी तिच्या देशातलं ते लाल राज्य गेलं. आपल्या मामाच्या स्वप्नातलं राज्य गं, तेच. कसं गेलं हे मी तिला एकदा विचारलं. मला वाटलं, तोफा, आगी, रक्त सांगेल. ती म्हणाली, "त्या दिवशी बारा वाजता भोंगा झाला." भोंगा म्हटल्यावर सोलापूरची गिरणी आठवली आणि मी खुर्ची पुढं ओढली. सगळ्या देशानं दुपारी बारा ते दोन काम बंद ठेवायचं ठरलं होतं. राजधानीत आठवडाभर माणसं चौकात जमत होती, पण हिचं गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे. कोण बाहेर पडलं आणि कोण नाही, हे उद्या कुठंतरी लिहिलं जाणार. सकाळीच तिनं एक पिशवी भरून टेबलाखाली ठेवली होती, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड आणि दात घासायचा ब्रश. तुरुंगाची तयारी. भोंगा झाला आणि हातात डाव घेऊन ती उकळत्या सूपासमोर उभी. "गॅस बंद केला तर मी त्यांच्या विरुद्ध. नाही केला तर मी आपल्या माणसांच्या विरुद्ध. मग मी बारीक केला." असं म्हणून ती हसली. ती बाहेर गेली ती डाव हातात घेऊनच. आवारात चारशे माणसं, पायाखाली बर्फ, आणि फाटकाशी कारखान्यातल्याच लोकांची हत्यारी तुकडी. त्यात तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. पोलीस आपलेच, आई. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. दोन तास सगळे रस्त्याकडं बघत उभे, आता ट्रक येतील, मग येतील. "मेव्हणा माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. आम्ही दोघंही सारखेच भ्यालो होतो." दोन वाजले. ट्रक आले नाहीत. सगळे आत जाऊन जेवायला बसले. सूप बुडाशी करपलं होतं. चारशे माणसांत एकानंही तोंड वाकडं केलं नाही. सुंठीवाचून खोकला जावा तसं ते राज्य गेलं. "आणि भीती?" मी विचारलं. तर म्हणाली, "ती राहिली. तिला कुणी सांगितलं नाही, जा म्हणून."

त्या भीतीचं मूळ असं की, त्याआधी कितीतरी वर्षं तिच्या स्वैपाकघरात ती एक वाक्य बोलली होती. रशियाचे रणगाडे आपल्याला वाचवायला आले असं शाळेत शिकवतात ते खोटं आहे, एवढंच. टेबलापाशी घरची माणसं आणि तिची बहीण. महिन्याभरात तिच्या नवऱ्याची कचेरीतली नोकरी गेली, त्याला कोळसा ओढायला लावला, त्यातच त्याची छाती गेली. पुढं लेकीला कॉलेजनं दारातून परत पाठवलं. सांगितलं कुणी? बहिणीखेरीज कोण? तोवर भिऊन गोड बोलत राहिली; राज्य गेलं त्या वर्षापासून बाबी बहिणीशी बोललेली नाही.

या नाताळाआधी ती माझ्याकडं आली. कोटाच्या आतून तिनं एक जाड पाकीट काढलं. तिकडं आता ज्याची त्याला आपली फाइल मागता येते, जुन्या गुप्त पोलिसांनी लिहिलेली. लेकीच्या आग्रहानं तिनं मागवली, आणि आल्यावर फोडायचं धैर्य होईना. "तुला माझी भाषा येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तूच ठेव." मी नको म्हणायला हवं होतं. मुलानं मला बजावून ठेवलंय, "आई, कुणी काही ठेवायला दिलं तर घ्यायचं नाही हं. आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, उगाच लोचा नको." तीन वर्षांपूर्वी ते मनोरे पडल्यापासून इथं परक्या पाकिटाकडं माणसं सापाकडं बघावं तशी बघतात. आणि यावर तर परक्या सरकारचे शिक्के. पण तिचा चेहरा बघून माझा हात पुढं झाला. पाकीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी तांदळाच्या डब्यात पुरलं. पुरताना तुझे हात आठवले. दुधानं तोंड पोळलेली मी, रोज तांदूळ काढताना वाटी फुंकून घालत होते म्हण. सून एकदा म्हणाली, "आई, मी काढते ना तांदूळ," तर मी अशी काही धावले की बिचारी बघतच राहिली.

आणि परवा दुपारी ती पोलिसाची गाडी. दारात गोरा, तरणा पोलीस. टोपी काढून, अगदी अदबीनं विचारलं. शेजारची म्हातारी घरात नाही, लेक काळजीत आहे, तुम्ही तिला पाहिलंत का? मी पाहिलं होतं, आई. तासाभरापूर्वी हातात पिशवी घेऊन ती स्टेशनाच्या रस्त्याला लागली होती. मला वाटलं, दुकानात निघाली असेल. पण त्याचा पट्टा दिसला, कमरेचं ते काळं दिसलं, आणि माझ्या मागं डब्यात पाकीट. माझा कान आपोआप दुखायला लागला, तू पिळल्यासारखा. मी म्हणाले, "नो. नो सी." तो थँक यू म्हणून वळला. नातू शाळेतून आलेला, सोफ्यावरून म्हणाला, "आजी, बट यू सॉ हर. यू वेव्हड!" मी त्याला "गप!" म्हणून ओरडले. माझ्याच तोंडून तुझा आवाज आला. बाहेर पारा कुठल्या कुठं खाली, श्वास गोठावा असं वारं. तेव्हा सोलापुरात सांगितलं म्हणून माणूस गेला होता, आणि आता सांगितलं नाही म्हणून जाणार होता. मी तशीच सपाता घालून, साडीचा बोंगा धरून बर्फात धावले. "ऑफिसर! आय सॉ! आय सॉ हर! स्टेशन!" दोनदा घसरले. त्यानंच मला उठवलं.

बाबी स्टेशनावर उघड्या बाकावर बसलेली सापडली, बोटं निळी पडलेली. पिशवीत मोज्यांचे दोन जोड आणि दात घासायचा ब्रश. लेक म्हणाली होती, संध्याकाळी पाकीट आण, आज बसून वाचूच. म्हणून ही निघाली. कुठं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आज सकाळी ती बरी होऊन माझ्या स्वैपाकघरात आली. मी चहा ठेवला, पाकीट तिच्यापुढं ठेवलं आणि तिला ते सांगितलं जे तुला कधी सांगितलं नाही. की दिवाळीनंतर नळावर एक साध्या कपड्यातला माणूस माझ्यापाशी उकिडवा बसला होता. गोड बोलून म्हणाला, "मामा आलाय ना गं? कुठं झोपतो?" आणि मी शहाणपणानं बोट वर करून म्हणाले, "माळ्यावर!" आक्कानं काही केलं नव्हतं, आई. ती मीच. हे तुझ्याआधी एका परक्या बाईला सांगितलं, रागावू नकोस. तिला म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची असं आमच्यात म्हणतात, पण तुझ्या मुठीत तुझी बहीण कोंडलीय. उघड."

तिनं चष्मा लावला. बराच वेळ नुसती पानं उलटत होती. मग एका पानावर बोट थांबलं आणि चेहरा असा झाला की मला वाटलं, हिला पाणी द्यावं. बहीण नव्हती. शाळेतल्या बाईंनी लिहून दिलं होतं. वर्गात बाईंनी प्रेमानं विचारलं, घरी काय काय बोलतात गं, आणि एका नऊ वर्षांच्या मुलीनं शहाणपणानं सांगितलं होतं. बाबीच्या लेकीनं. जिच्या बापानं कोळसा ओढला तिनंच. तिला आज आठवतही नसेल. बाबीनं ते पान घडी करून पाकिटात घातलं, पाकीट उचलून स्वतःच माझ्या तांदळात खोल दाबलं आणि हात झटकले. "तिला सांगायचं, स्टेशनावर हरवलं," म्हणाली. "आणि तू? तुला माहीत नाही." मी म्हटलं, "मला माहीत नाही." मग तिनं माझं फोनकार्ड मागितलं. बहिणीचा नंबर तिला पाठ होता, पंधरा वर्षांनी. पलीकडून आवाज आला आणि बाबी रडत, ओरडत, मधेच हसत काय काय बोलली. त्यातला मला एकच शब्द कळला, पोलेव्का.

ती गेल्यापासून मी इथं बसले आहे. पाकीट डब्यात आहे, मुलाला सांगितलेलं नाही, भात रोज त्याच तांदळाचा होतोय. मोटार वाजली की अजून हात आधी डब्याच्या झाकणावर जातो. पण बाबीनं ते पान ज्या तऱ्हेनं घडी केलं, त्यानं मला वेगळीच भीती घातलीय. त्या नळावरच्या माणसानं मला त्या दुपारी एक लिमलेटची गोळी दिली होती. मी ती दातानं तोडून अर्धी तुझ्यासाठी आणली. "कुणी दिली गं?" तू विचारलंस. मी म्हणाले, "आक्कानं." तू गोळी तोंडात टाकलीस आणि माझ्याकडं बघत राहिलीस. खूप वेळ. आक्का तर सकाळीच विडीच्या कारखान्यात जायची, दिवेलागणीला परत यायची. दुपारी ती घरी कधीच नसायची. हे मला आत्ता, म्हातारपणी सुचतंय. तुला तर तेव्हाच ठाऊक असणार, आणि तरी बोलणं टाकलंस ते आक्काशी.

बाबीला मी सगळं सांगितलं, गोळीचं सोडून.