वयाचा रकाना

सर, काल माळ्यावरची पेटी खाली काढली आणि तुम्ही दिलेलं अंगुस्तान सापडलं. शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते पितळी टोपण. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या त्या ग्रंथालयातली आता मी एकटीच उरले असेन. तरी ते हातात घेतल्याबरोबर मी आधी दाराकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना! मी म्हातारी झाले, गुडघे गेले, दात गेले, भीती मात्र जशीच्या तशी आहे. म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्ही कुणाला सांगणार नाही, तेव्हाही सांगितलं नव्हतं.

ते दुष्काळानंतरचं वर्ष. तुम्ही मेडिकल कॉलेजचे ग्रंथपाल आणि मी नुकती लागलेली सहायक, दोन वेण्या सोडून एक घालायला लागलेली. तुम्ही नवीनच खूळ काढलं होतं. ग्रंथालय डॉक्टरांपुरतं ठेवायचं नाही. खेड्यातल्या नर्सबाई, आरोग्यसेवक, कुणीही येऊन वाचावं. एवढंच नाही, प्रबंधांतलं कामाचं तेवढं सोप्या मराठीत आणि कानडीत उतरवून गावोगाव पाठवायचं. ऑफिसातले हेडक्लार्क हसायचे. "अहो, त्यांना काय कळणार त्यातलं?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "ज्यांच्या अंगाकडं बघून हे लिहिलं त्यांना कळणार नाही, आणि तुम्हाला कळतंय होय?" हेडक्लार्क आठवडाभर तुमच्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता!

मग एका विभागाच्या कपाटातून जुन्या प्रबंधांचा गठ्ठा आला. मी टेबलाशी बसून एकेक नोंदवते आहे. एक उघडते. शुक्रवार पेठेत घरोघर फिरून केलेली पाहणी. रोग तोच, अंगावर बधिर चट्टा उठतो तो, ज्याचं नाव निघालं की शेजारीण पाण्याचा तांब्या वेगळा ठेवते. मागे परिशिष्ट, आणि परिशिष्टात सगळ्यांची नावं. घर नंबर, नाव, वय, चट्टा कुठे. कुणाला विचारलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या पानावर मी. माझं घरातलं हाकेचं नाव, पुढे वडिलांचं नाव, आडनाव, वय अकरा, डाव्या हातावर. मला ती दुपार आठवत होती. पांढऱ्या कोटातला एक तरुण डॉक्टर उंबऱ्यात उकिडवा बसून माझ्या हातावर पीस फिरवून मला कळतंय का ते बघत होता आणि आई दारामागे रडत होती. मी पुढे कितीतरी वर्षं गोळ्या खाल्ल्या आणि पूर्ण बरी झाले. त्या हाताच्या तर्जनीचा शेंडा तेवढा बधिर राहिला. आणि आता, नोकरी लागलेली, एक स्थळ जमत आलेलं, तेव्हा ती यादी तुम्ही कुणाहीसाठी उघडलेल्या कपाटात जाणार होती.

ग्रंथालयात चोरी करायला पुस्तक बाहेर न्यावं लागत नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं. चुकीच्या जागी ठेवलं की ते मेलंच. कुणी हात लावत नसे त्या जर्मन खंडांच्या मागे मी प्रबंध सारला आणि कार्डावर 'विभागाकडे परत' असं लिहिलं. आणि तेही सुवाच्य अक्षरात!

त्याच आठवड्यात दुधनीची नर्सबाई आली. रापलेली, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. तुम्ही "बर्री, कूड्री", या, बसा, असं कानडीत म्हणत तिला खुर्ची दिलीत. तिला नेमका तोच प्रबंध हवा होता, कारण बधिर हातापायांची घरच्या घरी निगा कशी राखायची याचं एक अख्खं प्रकरण त्यात होतं. मी कार्ड दाखवलं. ती गेली. पंधरा दिवसांनी पुन्हा आली. "गावलं का वो बाई ते बुक? दुधनीवरनं येते मी, अक्खा दिवस मोडतो की." मी मान हलवली, नाही. त्या दिवशी तुम्ही स्वतः विभागात जाऊन विचारून आलात आणि परत येऊन माझ्याकडे नुसतं पाहिलंत. त्यानंतर तुमच्या कोल्हापुरी चपलेचा आवाज आला की मी कार्डांच्या खणात काहीतरी शोधायला लागायचे.

तिसऱ्या वेळी ती खुर्चीत बसलीच नाही. "सर, आमच्या हितली येक पोरगी हाय, धा वर्साची. चुलीवरचं भगुनं उचललं की तिनं. दोन बोटं भाजली. वास आला तवा तिच्या आयला कळलं. पोरीला कळलंच न्हाय." मी टेबलाखाली माझी डावी मूठ आवळून धरली. मला त्या पोरीची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी मला भीतीच वाटली, मग लाज. तिला थांबायला सांगून मी उठले, जर्मन खंड बाजूला केले आणि प्रबंध तुमच्यापुढे आणून ठेवला.

तुम्ही मला आतल्या बाइंडिंगच्या खोलीत नेलंत. मी यादीचं पान काढून बोट ठेवलं आणि म्हणाले, "सर, हे माझ्या आईचं नाव आहे." आपल्याकडे बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि लेकीच्या नावापुढे बापाचं, म्हणजे एकच. हाकेचं नाव तर तुम्हाला माहीत नव्हतं. फक्त वय आड येत होतं, म्हणून मी अंगठ्याने वयाचा रकाना झाकून धरला होता.

तुम्ही अंगठ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "नाव झाकायचं होतंस की. मला सांगितलं असतंस, मीच झाकलं असतं. अख्खं पुस्तक कशाला झाकलंस? तिच्या दोन फेऱ्या फुकट घालवल्यास. तिकडं पोरीची बोटं भाजली." आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तशी तुम्ही सुई आणि मेण लावलेला दोरा काढलात आणि यादीची सगळी पानं चारी कडांनी एकत्र शिवायला घेतलीत. अर्धी शिवण झाल्यावर सुई माझ्या हातात दिलीत. "बाकीचे टाके तू घाल."

मी घातले. नीट, जवळ जवळ. शेवटच्या टाक्याला तुम्ही एकदम माझा हात धरलात. सुई तर्जनीत बरीच आत गेली होती. कागदावर रक्ताचे दोन थेंब पडले होते आणि मला काहीच कळलं नव्हतं.

तुम्ही सुई काढलीत, बोट धुतलंत, तुमच्या रुमालाची पट्टी बांधलीत. उरलेला रुमाल तुम्ही त्यानंतरही घाम पुसायला वापरत होतात. मग बाहेर जाऊन नर्सबाईजवळ बसलात आणि ते प्रकरण स्वतःच्या हाताने कानडीत उतरवून दिलंत. मराठी प्रत मी केली. पुढे त्याच्या सायक्लोस्टाईल प्रती शुक्रवार पेठेतही वाटल्या गेल्या, आमच्याही दारात एक पडली. आईने ती पिठाच्या डब्याखाली ठेवली.

मी मात्र रोज नोकरीवरून काढल्याच्या कागदाची वाट बघत होते. सोमवारी टेबलावर कागदाची पुडी होती. सात रस्ता चौकातल्या दुकानातून तुम्ही अंगुस्तान आणलं होतं, माझ्या तर्जनीच्या मापाचं. मी वर पाहिलं तर तुम्ही कॅटलॉगच्या खणात डोकं घालून बसला होतात.

ते मी एकदाही घातलं नाही, सर. कुणी विचारलं असतं, हे कशाला, तर काय सांगणार होते? लग्न झालं, यांनाही सांगितलं नाही. हे गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. स्वयंपाक करताना भांडं उचलण्याआधी मी उजवा हात लावून बघते. सून म्हणते, आईंची सवयच आहे ती.

ते नाव आईचं नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, हे मलाही ठाऊक होतं, तरी तुम्ही जिवंत असताना तेवढं वाक्य माझ्याकडून निघालं नाही. आणि आता बघते तर एवढं पत्र लिहिलं, त्यातही रोगाचं नाव मी एकदाही घेतलेलं नाही. लिहिते. मला कुष्ठरोग झाला होता.

सून चहा घेऊन आली आहे. "कुणाला लिहिताय, आई?" विचारते आहे. मी त्या शब्दावर अंगठा ठेवला आहे.