धूर कुठून काढायचा

३ एप्रिल १९५५, आरमोरी. सकाळी सव्वानऊला माझं आयुष्य बदललं. गिरणीचे मालक गुणवंतराव स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "आमच्या कमळाच्या लग्नात गाडीवर तूच पाह्यजे." गिरणीच्या ट्रकवर तर मी रोजच असतो. म्हणजे हे गाडीवर असणं वेगळं. इंटर अर्धवट सोडलेला जावईही त्यांना चालतो!

५ एप्रिल. कमळाला चढायला उंच पडेल, म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींचे पाटे काढून ट्रक वीतभर खाली बसवला. लटारू मिस्त्री नको म्हणत होता. मी त्याच्यावर पाना फेकला. (लागला नाही.) संध्याकाळी सायलेन्सर बैलगाड्यांच्या चाकोरीत अडकून उखडला. लटारू हसला.

७ एप्रिल. धुराची नवी नळी न्यायची कुठून? खालून: परत उखडेल. उजवीकडून: पेट्रोलची टाकी. नको रे बाबा. डावीकडून: कमळा तिथूनच चढणार, पदर पेटला तर? कॅबिनमागून वर: मागे वऱ्हाडाला बसायला भाताची तणस पसरणार. वाळकी खट्ट. एक ठिणगी पुरे. लटारू म्हणतो, "पाटे परत टाका न जी, काऊन जिवाले घोर लावून घेता?" माघार नाही.

११ एप्रिल. स्वप्नात वऱ्हाड पेटलं. घामानं उशी ओली. ठरलं: वरूनच, पण नळीवर दुसरी मोठी नळी, मधे हवा खेळती. दुपारी कमळाच्या आईनं, रुखमाबाईंनी, शिंपी पाठवला. माझं माप घेतलं. कापड खाकी. नवरदेवाला खाकी? साधेपणाचे दिवस आहेत.

१९ एप्रिल. नळीला तणशीची पेंढी बांधून ट्रक चार मैल पळवला. पेटली नाही. उद्या कमळाशी बोलणार. नक्की.

२० एप्रिल. बोललो नाही. वारा फार होता.

२ मे, वडसा. नवरदेव ब्रह्मपुरीचा मास्तर. खाकी घालून गाडीवर मीच होतो. शेजारी तो, पलीकडे ती. बाराही मैल मी आरशात फक्त तणस बघत होतो. नाही पेटली. स्टेशनवर उतरताना कमळा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "भाऊ, धूर बिलकुल नाई आला जी."

दोघं फलाटावर गेले. मी उतरलो, दार लावलं. हळूच. आपटलं की नळी हलते.