चिखलासकट चढवलेला ट्रॅक्टर

ता. ४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडून पडलंय आणि पेरणी तोंडावर आलीय, म्हणून तुझा मागितला. ट्रकमागच्या ट्रेलरवर चढवून आणतो, असं तू लगेच म्हणालास आणि तेव्हापासून माझाच जीव टांगणीला लागलाय. मध्ये तो लांबलचक उतार आहे ना! हे हसतात. म्हणतात, ट्रॅक्टरपेक्षा तुझी काळजीच ट्रेलरला जड होईल. म्हणू देत. साखळ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या ॲक्सललाच अडकव. तोंडावरच्या त्या चकचकीत गार्डला नको, ती नुसती शोभा. चाकांना ठोकळे लाव. आणि चढवण्याआधी टायर धू.

कंटाळलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

ता. ८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भावजयीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाली, वन्संना ट्रॅक्टर नकोय, नवरदेव हवाय. आंघोळ घालूनच पाठवा! साखळ्या तू सांगितल्यास तशाच बांधेन. धुण्याचं मात्र राहू दे. ओल्या शेतातून निघून तुझ्या ओल्या शेतातच जायचाय. सोमवारी निघतो. तोवर भाऊजींचं डोकं खाऊ नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझा धाकटा

सोमवार, उताराआधीचा पेट्रोलपंप

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मी धड आहे. खाली येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे ही चिठ्ठी देतोय. डिझेलसाठी थांबलो, सहज साखळीला हात लावला तर ती लोंबत होती. बाकीच्याही सैल. टायरखालचा चिखल वाटेत दबून, निसटून गेला आणि ट्रॅक्टर तेवढा खाली बसला. तसाच उतारावर गेलो असतो तर... पुढचं लिहवत नाही.

चिखल खरवडला, साखळ्या पुन्हा आवळल्या. पंपावरची माणसं म्हणतात, आता झकास आहे, निघा. पण दोनदा ट्रकमध्ये बसलो आणि किल्ली न फिरवताच खाली उतरलो. तुझ्या भावजयीला काही कळवू नकोस, मीच सांगेन.

भाऊजींना पुढच्या बसनं पाठव. त्यांनी एकेक साखळी ओढून पाहावी आणि मग उतार संपेपर्यंत माझ्या शेजारी बसावं. त्यांना गाडी चालवता येत नाही, माहीत आहे. चालवायला नकोच आहेत ते.

ते येईपर्यंत इथून हलत नाही. तुझा आशीर्वाद त्यांच्याबरोबर दे.

तुझा धाकटा