सरकत्या गादीसाठी कपडे

सोमवार, ४ मार्च

डॉक्टर हो म्हणाले. झाली पंचाईत. ते नाही म्हणतील या भरवशावरच मी ताईंना, माझ्या नणंदेला, "विचारून बघते" असं म्हटलं होतं. "जड उचलायचं नाही, पालथं झोपायचं नाही, पोटाचा पट्टा लावायचा. बाकी खुशाल करा, पाठीत जोर येईल."

ताईंनी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच क्लासला फोन लावला. दोघींची नावं, पुढच्या आठवड्यापासून दर मंगळवारी. रिफॉर्मर पिलाटेस म्हणतात त्याला — रुळांवर मागेपुढे सरकणारी गादी, तिला स्प्रिंगा. गादीवर उताणं पडायचं आणि पायांनी दांडा ढकलायचा.

मी घालू काय?

मंगळवार, ५ मार्च

ऑपरेशनला वर्ष होत आलं. आतड्याचा खराब भाग काढून टाकला, उरलेल्याचं तोंड बेंबीच्या डावीकडे पोटावर आणलं, त्यावर पिशवी. कायमची. हे मी लिहू शकते. बोलून दाखवता येत नाही. वर्षभर घेरदार कुर्ते घालतेय. चष्म्याच्या दुकानात कामाला उभी असते तिथला काउंटर नेमका बेंबीच्या वर येतो — देवाची कृपा, नाहीतर सुताराची.

गुरुवार, ७ मार्च

कपड्यांचं विचारायला क्लासला फोन केला. शिकवणारी मुलगी भरभर सांगत गेली. घेरदार नको, पाय वर गेले की कुर्ता गळ्यात येतो. पायघोळ पँट नको, स्प्रिंगेत अडकते. चेन, बटणं नकोत, गादीला ओरखडे पडतात. मोजे मात्र हवेतच, तळव्याला रबराचे ठिपके असलेले. "आणि अंगाबरोबर बसेल असं घाला काकू."

अंगाबरोबर. एवढं एकच मला नको होतं.

शनिवार, ९ मार्च

ताईंबरोबर दुकानात. पहिल्या लेगिंगचा पट्टा बरोबर पिशवीच्या मधोमध बसला. तसा बसला तर आतलं खाली उतरणारच नाही, कडेनं गळेल. दुसरी कमरेखाली बसणारी — पिशवी बाहेर, लटकलेली. तिसरी काळी, थेट बरगड्यांपर्यंत येणारी, मऊ. पिशवी आत, वर कापड, कुठे काचत नाही. वाकून पाहिलं. उकिडवी बसले. स्टुलावर पडून पाय वर केले.

बाहेरून ताई — "जिवंत आहेस ना?" आणि आल्याच पडदा सारून. मी तेव्हा टी-शर्ट वर धरून उभी.

नर्सशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही. कपडे बदलताना तो भिंतीकडे तोंड करतो, मीही दिवा घालवते.

ताई बघत राहिल्या. "दुखतं का गं?"

"नाही."

"मला वाटलं होतं केवढं तरी असेल. पाकिटाएवढं तर आहे."  एरवी ही बाई दुकानदाराला बोलू देत नाही. आज "हीच घे," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

मोजे मीच निवडले. एक नंबर मोठे — सैल असलेले बरे, धुतल्यावर आटतात.

मंगळवार, १२ मार्च

सैल असलेले बरे नसतात.

पाच गाद्या. मी कोपऱ्यातली धरली. वर घट्ट टी-शर्ट, त्यावर हट्टानं एक ओढणी, ती शिकवणारीनं हळूच काढून घेतली. सुरुवात चांगली झाली. श्वास सोडत ढकलायचं, श्वास घेत परत. पाठ लांब होतेय असं वाटतं. वर्षभर मी पोटाभोवती घडी घालून चालत होते, हे आज कळलं.

मग मोजा पायावर फिरला. ठिपके आले वर, नुसतं कापड तळव्याखाली. पाय दांड्यावरून सटकला, गादी धाडकन मागे येऊन आपटली. माझे दोन्ही हात पोटावर.

शिकवणारी धावत आली. "पोटाला लागलं?"

नाही म्हणायचं होतं. तोंडून निघालं — "पिशवी आहे. ऑपरेशनची. पोटावर." अख्ख्या खोलीला ऐकू गेलं असणार.

"लागली का तिला?"

चाचपून पाहिलं. जागच्या जागी होती.

"हे आधी सांगायचं ना काकू, मी गादीच वेगळी लावून दिली असती." तिनं एक स्प्रिंग काढली, पायातले मोजे ओढून सरळ केले. शेजारची बाई छताकडे बघत श्वास मोजत होती. तिचा आकडा चुकला म्हणून तेवढी वैतागलेली दिसली. बस्स. आणखी काहीही झालं नाही.

येताना घट्ट मोजे घेतले. टाच टाचेतच बसते, बोटं दुमडत नाहीत. ताई वाटभर माझ्या चालण्याकडे बघत होत्या.

शनिवार, १६ मार्च

नवरा दोरीवरचे कपडे काढत होता. काळी लेगिंग हातात धरून म्हणाला, "ही एवढी वर कुठपर्यंत येते?"

"बरगडीपर्यंत. पिशवीवरून."

तो घडी घालत राहिला. उलटी घातली, परत उलगडली. "मी कधी विचारलं नाही. तुला चालणार नाही असं वाटलं."

"मला वाटलं तुला किळस येते."

"कुणी सांगितलं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. मी कुर्ता वर केला. खिडकीतून ऊन येत होतं. त्यानं पाहिलं, नीट. मग विचारलं, "बदलताना मदत लागते का?" लागत नाही. "कधीतरी लागेल," म्हटलं.

मंगळवार, १९ मार्च

ताईंनी आज सगळा व्यायाम डोळे मिटून केला. मी छान ढकललं. मोजे जागचे हलले नाहीत.

मंगळवार, २६ मार्च

ताई क्लासला आल्या नाहीत. फोन उचलला नाही.

बुधवार, २७ मार्च

दुपारी ताई माझ्या चष्म्याच्या दुकानात आल्या. काउंटरपलीकडे उभ्या राहून म्हणाल्या, त्यांना शौचाला रक्त पडतंय. थंडीच्या आधीपासून. "तुला क्लासला ओढून नेलं ते तुझ्यासाठी नव्हतं गं. असं झाल्यावर माणूस कसं जगतं, ते मला जवळून बघायचं होतं."

मी काउंटर ओलांडून बाहेर आले.

उद्या सकाळी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे घेऊन जातेय. अजून कुणाला माहीत नाही. त्यांच्या भावालाही नाही — तो शेजारच्या खोलीत घोरतोय.