कानात टिकणारी वस्तू

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कालपासून कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली. उरलेली दोन टेकली असं धरून चाल.) तुझा गुडघा कसा आहे? काकांची साखर? मागे फोनवर तू म्हणालीस की आटोक्यात आहे, आणि मागून काका म्हणाले की डब्यातली संपलीये म्हणून. तेव्हा नक्की काय ते कळव.

काकांनी रोज फिरायला जायचं मनावर घेतलंय हे ऐकून बरं वाटलं. फिरताना कानात घालायला काहीतरी टिकाऊ हवंय, कुठलं घेऊ, असं तू विचारलंस आणि मी 'कळवते' म्हणून फोन ठेवला. रागावू नकोस. तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसतेस, त्यामुळे आपलं बोलणं तुझ्या शेजारणीला तुझ्याआधी कळतं. शिवाय या विषयात माझ्या कानांनी जे भोगलंय, ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

तुला ठाऊकच आहे, मी दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासते. घासायच्या यंत्राचा आवाज संध्याकाळपर्यंत डोक्यात घोंघावत राहतो, आणि मग बसमध्ये बसावं तर शेजारचा मनुष्य फोनवर कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ मोठ्याने बघत असतो. (तेच लग्न, रोज. त्या नवरीचा रडवेला चेहरा मला आता पाठ झालाय.) त्यात डॉक्टरांनी सांगितलं, वाकून बसायचं काम आहे, पाठ टिकवायची असेल तर पळा. पळायचं तर सोबत हवी, आणि या वयात सोबत बाजारातूनच आणावी लागते, म्हणून मी हेडफोन घ्यायला गेले.

पहिला घेतला तो वायरचा. दुकानदार म्हणाला, वायरचं काय, हरवायची भीती नाही. खरंच हरवला नाही. बसच्या दारात अडकला. मी खाली उतरले, दार मिटलं, वायर आत, कान बाहेर. बस सुटायच्या आत कान सोडवला म्हणून आज तुला दोन्ही कानांनिशी लिहिते आहे. वायर वाचली, पण फोनमध्ये खुपसायच्या पिनेपाशी आतून तुटली. मग ती एका विशिष्ट कोनात दाबून धरली तरच गाणं लागायचं. मी महिनाभर नाडी बघितल्यासारखा फोन धरून पळत होते. मैदानावरच्या एका आजोबांनी शेवटी विचारलं, 'बाई, ठोके बरे आहेत ना?'

दुसरा बिनवायरचा, स्वस्तातला. दुकानदार (तोच) म्हणाला, घामाला चालतो. कुणाच्या घामाला ते त्याने सांगितलं नाही. माझ्या घामाने त्याचा डावा भाग चौथ्या फेरीला बुडबुडे सोडल्यासारखा बोलायला लागला आणि गप्प झाला. उजव्याने तर मैदानाच्या टोकाला लांब उडीच्या वाळूत स्वतःच उडी घेतली. दुसऱ्या दिवशी मी कामावरची प्लास्टर चाळायची चाळण घेऊन तिथे बसले. एक बटण, पुष्कळ पिना आणि एक दाढ मिळाली. (खरी दाढ. खालची, डावीकडची. उडी चांगलीच लांब गेली असणार.) हेडफोन काही मिळाला नाही.

मग मात्र मी डोकं वापरलं. कवळी सुटते तेव्हा आपण तोंडाला दोष देत नाही, माप पुन्हा घेतो. आरशासमोर बसून पाहिलं तर माझे दोन्ही कान एका मापाचे नाहीत. डाव्याला मधली रबरी टोपी लागते, उजव्याला लहान. इतकी वर्षं दोघांना एकाच घरात वाढवूनही हे मला ठाऊक नव्हतं. मग दुकानात जाऊन म्हटलं, मला आवाज कसा आहे ते आधी नको सांगू. कानामागे अडकवायला आकडा आहे का, पाण्याखाली धरला तर चालेल का, डबीचं बिजागर कसं आहे आणि टोप्या सुट्या मिळतात का, ते सांग. त्याने काळ्या रंगाचा एक काढून दिला. तो मी घालून दुकानातच उड्या मारल्या. गिऱ्हाइकं बघत होती, पण हेडफोन हलला नाही. हाच काकांसाठी घे. तीन ऋतू झाले, एकदा पँटच्या खिशातून धुण्यातसुद्धा जाऊन आला, अजून ठणठणीत आहे.

त्याचा एकच दोष. दुकानदाराला तो इतका आवडला की आमच्या बसला चढणाऱ्या निम्म्या लोकांना त्याने तोच विकला.

झालं असं की पुढचा थांबा कुठला पुकारतायत ते ऐकायला मी उजवा काढून हातात धरला होता. बसने करकचून ब्रेक मारला. सगळे सगळ्यांवर पडले. खाली पडलेला काळा तुकडा मी उचलला, पुसला, कानात घातला. डाव्या कानात माझी पळायची शिकवणी चालू होती (त्यात एक बाई फार खंबीरपणे सांगतात). आणि उजव्या कानात एका वयस्कर बाईंचा आवाज म्हणाला, 'डबा उघडून नुसता बघत बसू नकोस, खा. ती गेली, तिचं चांगलं चाललंय. तू किती वर्षं एकटा त्या लिफ्टच्या खड्ड्यात बसून जेवणार आहेस?'

मावशी, मी गडबडून मागे बघितलं. मागच्या दाराशी निळ्या गणवेशातला एक मनुष्य उभा होता. माझ्या डाव्या कानातली बाई म्हणाली, पोट आत घ्या. त्याने घेतलं. ती म्हणाली, खांदे सैल. त्याने सोडले. ती म्हणाली, दीर्घ श्वास, आणि त्याने इतका मोठा श्वास घेतला की त्याच्या पुढची बाई सरकून उभी राहिली.

मी जाऊन त्याचा हेडफोन परत दिला आणि त्याच्या कानातला माझा घेतला. म्हटलं, "तुमच्या आईंनी डबा खायला सांगितलाय."

"बाकीचंही ऐकलंत?" तो म्हणाला.

"थोडंसं."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "मला ते सांगता येत नाही."

तो लिफ्ट दुरुस्त करतो. आता तोही मैदानावर येतो. पळतो अगदी वाईट, पण थांबत नाही. हल्ली आम्ही पळताना कानात काही घालत नाही.

असो. काकांच्या कानांचं माप आधी घे, दोन्ही वेगळे मोज. काकांना नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. टोप्या महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवाव्यात.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र एवढ्यासाठी नाही लिहिलं. त्याने मला विचारलंय आणि मी हो म्हटलंय. त्याचं आधी एक लग्न झालेलं आहे, ते मोडलं, आणि ते त्याने काही न लपवता सांगितलं. आईसमोर माझी जीभ उचलत नाही. चार दिवस रजा काढल्यासारखी इकडे ये आणि तिच्याशी तू बोल. तुझं ती ऐकते. आधी जेवू दे, मग सांग.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशीला लिहितेयस ना? लिही, रविवारी ये म्हणावं. तुझ्याबरोबर पळतो त्याला आणि त्याच्या आईला जेवायला बोलावू." मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, पळायला जाताना इतके केस कोणी विंचरत नाही. तेव्हा वरची विनंती रद्द. तू नुसती ये.